दाखवला ओक, अंथरला कागद

लाकडी फ्लोअरिंगमध्ये फसवणूक होते तेव्हा तिचा क्रम जवळपास ठरलेला असतो. दुकानात जाड, देखणा नमुना हातात येतो. कोटेशनवर एकच ओळ असते: ‘हार्डवूड फ्लोअरिंग, ओक’. खोके येतात, दोन दिवसांत फळ्या बसतात, पैसे चुकते होतात. मग ऋतू पालटतो आणि फळ्यांच्या कडा उचलायला लागतात, किंवा चालताना कुठेतरी पोकळ आवाज येतो. तक्रार केली की उत्तर तयारच असतं: ‘लाकूड आहे, हवेनं असं होणारच.’ हे उत्तर अर्धं खरं असतं, म्हणून खपून जातं. उरलेलं अर्धं फळीच्या जाडीत आणि फळीच्या खाली दडलेलं असतं, आणि काम संपलं की या दोन्ही जागा डोळ्यांआड होतात.

आधी त्या ‘हार्डवूड’ शब्दाचं बघू. हार्डवूड म्हणजे रुंद पानांच्या झाडाचं लाकूड, एवढाच त्याचा अर्थ. नखानं दबणारं बाल्साही त्यातच मोडतं. त्यामुळे बिलावर तो शब्द लिहिणारा विक्रेता खोटं बोलत नाही, पण खरं काही सांगतही नाही. पुढचा खेळ नावांचा. ‘मलेशियन ओक’ या नावानं रबराच्या झाडाचं लाकूड विकलं जातं. ‘ब्राझिलियन टीक’ म्हणजे कुमारू, सागवान नव्हे. ‘ब्राझिलियन चेरी’ म्हणजे जटोबा. कुमारू आणि जटोबा ही वाईट लाकडं नाहीत, ओकपेक्षा बरीच कठीणच आहेत. पण पैसे ज्या लाकडाचे मोजले ते हे नव्हे. लाकडाची कठीणता मोजणाऱ्या जान्का कसोटीवर रेड ओक सुमारे १२९० पाउंड-फोर्स, व्हाइट ओक १३६०, हार्ड मेपल १४५० आणि अमेरिकन काळा अक्रोड १०१० भरतो. म्हणजे महाग लाकूड कठीण असतंच असं नाही. कोटेशनवर झाडाचं शास्त्रीय नाव लिहून मागा. व्हाइट ओक असेल तर ‘क्वेर्कस आल्बा’ लिहायला कुणाचा हात अडखळायचं कारण नाही.

खरी मेख जाडीत आहे. सॉलिड फळी साधारण १८ ते २० मिमी असते, आरपार एकच लाकूड. इंजिनिअर्ड फळीत वर अस्सल लाकडाचा थर आणि खाली प्लाय किंवा एचडीएफ (लाकडाचे तंतू दाबून बनवलेला घट्ट बोर्ड) असतं. एकूण जाडी १४ मिमी असो की १५, तिला फारसा अर्थ नाही; वरचा थर किती हे विचारायचं. तो ०.६ मिमीपासून ६ मिमीपर्यंत काहीही असू शकतो. एकदा घासून पुन्हा पॉलिश करताना साधारण अर्धा ते एक मिमी लाकूड जातं. म्हणून ०.६ मिमीच्या थराला मशीन लावताच येत नाही, २ मिमीला जपून एखाद्या वेळी, आणि ४ मिमीला दोन-तीनदा लावता येतं. नमुना ४ मिमीचा आणि खोक्यातला माल १.२ मिमीचा, हा अगदी सर्रास होणारा बदल. वरून दोन्ही फळ्या जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. सॉलिडवाल्यांनीही अठराच्या अठरा मिमी आपले समजू नयेत. घासता येतं ते फक्त जिभेच्या (शेजारच्या फळीच्या खाचेत बसणाऱ्या कडेच्या पट्टीच्या) वरचं लाकूड, म्हणजे जेमतेम ६ मिमी.

तपासायचं कसं? माल आला की खोकं तुम्ही निवडा, मिस्त्रीनं पुढे केलेलं नको. मधलीच एक फळी समोर आडवी कापायला लावा आणि कापलेल्या तोंडावर कॅलिपर (जाडी मोजायचं साधन) लावा. कारखान्यातली कड तासलेली असते, तिथं थर फसवा दिसतो. अस्सल लाकडाच्या वरच्या रेषा कापलेल्या तोंडात उतरताना दिसतात. लॅमिनेटमध्ये मात्र वर लाकडाचं चित्र छापलेला कागद आणि खाली एकसारखा तपकिरी भुसा दिसेल. दोन-तीन खोकी पसरून ठेवली तर तीच गाठ, तीच रेघ पुन्हा पुन्हा येते. ‘उचलून बघा, किती जड आहे’ या वाक्याला अजिबात भुलू नका. ओकचं वजन घनमीटरला सुमारे ७०० ते ७५० किलो, आणि दाबून बनवलेल्या एचडीएफचं बहुधा त्याहून जास्त. इथं जड ते अस्सल हा हिशेब उलटा पडतो.

मापातली लबाडी त्या मानानं बाळबोध. ४ बाय ५ मीटरची खोली २० चौरस मीटर, त्यावर १० टक्के वाया धरून २२. खोक्यात १.९ चौरस मीटर असेल तर १२ खोकी पुरतात. काही जण वाया जाणारा माल एकदा खोक्यांत आणि पुन्हा मजुरीच्या क्षेत्रफळात धरतात. मजुरी २० चौरस मीटरचीच द्यायची. तिरक्या किंवा हेरिंगबोन (माशाच्या काट्यासारख्या) नक्षीला १५ टक्के लागू शकतात, सरळ पट्ट्यांना नाही.

आता फळीच्या खाली. तिथं काही न करण्याचेच पैसे घेतले जातात. काँक्रीट वरून कोरडं दिसतं, पण आतलं पाणी महिनोन्‌महिने वर येत राहतं. स्लॅबमध्ये भोक पाडून जाडीच्या ४० टक्के खोलीवर सेन्सर ठेवून आतली सापेक्ष आर्द्रता मोजतात. चिकटवायच्या लाकडी फळीसाठी ७५ टक्के ही नेहमीची मर्यादा, तरी नेमका आकडा गोंदाच्या डब्यावर वाचावा. हाताचा तळवा टेकवून ‘सुकलंय’ म्हणणारा मिस्त्री भेटला तर काम तिथंच थांबवा. खाली प्लाय असेल तर ओलावा मोजणारा पिनांचा मीटर लावून प्लाय आणि फळी दोन्ही मोजायची. अरुंद पट्टीत फरक ४ टक्क्यांच्या आत हवा, ७५ मिमी किंवा त्याहून रुंद फळीत २ टक्क्यांच्या आत. ‘हवेशी जुळावा म्हणून माल ४८ तास खोलीत ठेवला’ याला मोजमाप म्हणत नाहीत. खोकी बंद असतील तर आठवडाभर ठेवूनही फारसा उपयोग नाही. आकडे तारखेसह लिहून घ्या, मीटरचा फोटो काढा.

एवढा आटापिटा का, तर रेड ओकच्या १२५ मिमी रुंद फळीतला ओलावा ४ टक्क्यांनी वाढला तर ती जवळपास १.८५ मिमी फुगते. ४ मीटर रुंदीत अशा ३२ फळ्या बसतात. मोकळ्या सोडल्या तर सगळ्या मिळून ५९ मिमी होतील. खिळे आणि गोंद यातलं बरंचसं धरून ठेवतात, बाकीच्यासाठी भिंतीलगत १० ते १५ मिमी फट सोडायची असते. घाईत ती सुटत नाही, किंवा तिच्यात मलमा पडतो, आणि वरून स्कर्टिंग ठोकलं की कुणाला पत्ता लागत नाही. म्हणून स्कर्टिंग लावण्याआधी चारही भिंतींकडेनं एक फिरून या. गोंदाचंही तेच. दातेरी थापीनं सगळीकडे पसरायचा गोंद गोळ्या-गोळ्यांनी टाकला की डबे वाचतात आणि फरशी ढोलासारखी वाजते. मध्येच बसवलेली एखादी फळी उचलायला लावा. तिच्या पाठीला सगळीकडे गोंद लागलेला हवा. ३ मीटरच्या सरळ पट्टीखाली ५ मिमीपेक्षा जास्त खड्डा असेल तर तो आधी भरायचा. खाली दुहेरी फोम घालून चालत नाही, सांधे हलून तुटतात.

एवढं होऊनही कडा उचललेल्या दिसल्या, तर समजायचं की ओल खालून येतेय. अशा वेळी कंत्राटदार मोठ्या उदारपणे म्हणतो, ‘फुकट घासून देतो.’ तेव्हा ठाम नकार द्या. ओल असताना उंच कडा घासून सपाट केल्या की सुकल्यावर त्याच कडा खाली बसतात आणि फळीचा मधला भाग वर राहतो. आधी ओलीचा उगम शोधायचा, मग मीटरचे आकडे स्थिर होईपर्यंत थांबायचं. बऱ्याच फळ्या आपोआप पुष्कळशा सपाट होतात. शिवाय वरचा थर १.२ मिमीचाच असेल, तर त्या फुकटच्या घासण्यात तो ठिकठिकाणी संपून खालचा प्लाय उघडा पडतो, आणि मूळ थर किती होता हे दाखवायला पुरावा उरत नाही. त्यासाठीच कापलेल्या फळीचा तुकडा आणि खोक्यावरचं लेबल बिलासोबत जपून ठेवा.