कोल्हापुरात शॉर्टहँड शिकायचं, तर इंग्रजी की मराठी?

१८ ऑगस्ट २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत सुरू झालं. तेव्हापासून लघुलेखकाच्या नोकरीसाठी ओळखीतली मुलं मला एकच विचारतात: इंग्रजी शॉर्टहँड (बोललेलं रेघांच्या खुणांनी भरभर टिपायची लिपी) करू की मराठी?

इंग्रजी म्हणजे आपल्याकडे पिटमन. आयझॅक पिटमन यांनी १८३७ साली मांडलेली ही पद्धत स्पेलिंगवर नाही, उच्चारावर चालते. 'प' आणि 'ब' यांची रेघ एकच, तिरकी; 'प' बारीक, 'ब' दाबून. 'क' आणि 'ग' आडवे, तिथंही तोच फरक. सुरुवातीला मी बॉलपेननं लिहायचो आणि 'पॅक' लिहिलंय की 'बॅग', हे घरी गेल्यावर मलाच कळायचं नाही. मऊ पेन्सिल हातात आली आणि वही वाचता येऊ लागली.

जॉन रॉबर्ट ग्रेग यांच्या १८८८ च्या पद्धतीत हा दाबाचा प्रश्नच नाही. तिथं रेघेच्या लांबीवर अक्षर ठरतं, त्यामुळे कुठलंही पेन चालतं, हातही सलग फिरतो. अमेरिकेत ती रुजली. पण इथं शिकवणारे, पुस्तकं, सरावाची डिक्टेशनं सगळी पिटमनची, म्हणून ग्रेगच्या मागे लागू नका.

मराठी शॉर्टहँडही पिटमनच्याच वळणावर आहे. फक्त ख, घ, ठ, ढ, ण, ळ अशा आवाजांची सोय त्यात करावी लागली. सरकारी मराठीत 'करण्यात येत आहे', 'त्यानुसार', 'उपरोक्त' सारखं सारखं येतं. अशा शब्दसमूहांच्या जोडआउटलाइन्स, म्हणजे सगळ्या शब्दांची मिळून एकच खूण, हातात बसल्या की स्पीड वाढतो. जीव खातं ते ट्रान्स्क्रिप्शन, म्हणजे खुणांवरून पूर्ण मजकूर उतरवणं, कारण ऱ्हस्व-दीर्घ चुकला की मार्क गेले.

सरकारी भरतीत लघुटंकलेखकाला मिनिटाला ८० शब्द, निम्नश्रेणी लघुलेखकाला १००, उच्चश्रेणीला १२० लागतात. शिवाय टायपिंग, इंग्रजी ४० किंवा मराठी ३०. उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं, राज्य शासनाच्या कार्यालयांचं मराठीत.

माझं मत स्पष्ट आहे. बेंचवर डोळा असेल आणि इंग्रजी वाक्य ऐकताच अर्थ लागत असेल, तर इंग्रजी घ्या. नाहीतर मराठी घ्या, पण ८० वर थांबू नका, १०० करा. दोन्ही एकदम मात्र सुरू करू नका. हाताला एका पद्धतीची सवय लागायच्या आत दुसरी घुसली की दोन्ही आउटलाइन्स डळमळतात.

ठरत नसेल तर घरातल्या कुणाला तरी इंग्रजी अग्रलेखातले ४०० शब्द पाच मिनिटांत वाचून दाखवायला सांगा. हा ८० चा स्पीड झाला. पेन्सिल खाली ठेवा, नुसतं ऐका. शेवटी मजकूर काय होता हे नीट सांगता आलं, तर इंग्रजीच्या क्लासला नाव घाला.