निवेदनाची सुरुवात कुठून: बेंथमपासून की रॉल्सपासून?

सीमाभागात सरकारी परिपत्रकं मराठीतही मिळावीत म्हणून निवेदन लिहायला घेतलं की पहिल्या परिच्छेदातच ठरवावं लागतं, आकडा आधी मांडायचा की न्याय. आकड्याची वाट बेंथम-मिल या तत्त्वज्ञांच्या उपयुक्ततावादाची, न्यायाची तत्त्वज्ञ जॉन रॉल्सची.

उपयुक्ततावादाला कमी लेखू नये. पाण्याची टाकी कुठं बांधावी, बस कुठं थांबवावी, यासाठी जास्तीत जास्त लोकांचं हित ही कसोटी चांगली चालते. साहेबांनाही ती चटकन कळते.

माझं मन त्यावरून उडालं ते उंबरठ्याच्या टक्क्यामुळं. केंद्राच्या भाषिक अल्पसंख्याक धोरणात, जिल्हा किंवा त्याखालच्या पातळीवर किमान १५ टक्के भाषक असले तर महत्त्वाचे नियम व नोटिसा त्या भाषेतही काढायच्या असतात. उद्या तालुक्याची हद्द बदलली, नव्या वसाहती आल्या नि टक्का १४ झाला, तर? फक्त मराठी वाचणाऱ्या आजीत काहीच बदललेलं नाही, बदलला तो शेजार. तरी नोटीस तिच्या हातून जाते.

घटनेतही दोन्ही सूर आहेत. कलम ३४७ ला लोकसंख्येचा लक्षणीय भाग लागतो. कलम ३५० नुसार मात्र कुणाही एकट्याला संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं देता येतं. उत्तर त्याच भाषेत मिळेल, असं मात्र ३५० म्हणत नाही. निव्वळ कलमावर विसंबलेली निवेदनं इथंच अडकतात.

रॉल्सचा १९७१ चा 'अज्ञानाचा पडदा' ही फट बऱ्यापैकी भरतो. जन्म कर्नाटकातल्या खानापुरात मराठी घरात होणार की महाराष्ट्रातल्या जतमध्ये कन्नड घरात, हे ठाऊक नसताना नियम ठरवायचा. मग इथं मराठीसाठी जे मागतो ते तिथं कन्नडला द्यावंच लागतं. निवेदनातून नेमकं हेच वाक्य सुटतं, आणि समोरून पहिला प्रश्न त्यावरच येतो.

रॉल्सचीही मर्यादा आहे. त्याने समाजाची सीमा ठरलेलीच धरली आहे. त्यामुळं १९५६ ची राज्य पुनर्रचना, किंवा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला महाराष्ट्राचा सीमादावा, यांत तो फारसा उपयोगी पडत नाही. परिपत्रकं, शाळा, दाखले यांसाठी मात्र मला तोच जास्त भरवशाचा वाटतो.

तेव्हा सुरुवात पडद्याच्या कसोटीनं करावी. मग कलम ३५०, आणि प्राथमिक शिक्षणाचा मुद्दा असेल तर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयीचं ३५०अ. लोकसंख्येचा तक्ता शेवटी, जोडपत्रात.