आबांची साधी लेन्स, मामीची ट्रायफोकल

मागच्या वर्षी आमच्याकडे मोतीबिंदूची दोन ऑपरेशनं झाली (धूसर झालेलं भिंग काढून कृत्रिम लेन्स बसवतात ते), एक आबांचं (वडील, चोपड्याकडे केळी आणि कापूस करतात) आणि एक धुळ्याच्या मामीचं. दोघांच्या डोळ्यात वेगवेगळी लेन्स आहे, दोघंही खूश आहेत, आणि अदलाबदल झाली असती तर दोघांनीही मलाच शिव्या घातल्या असत्या. आता नात्यातून रोज कुणीतरी फोन करून विचारतं की कोणती टाकू, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

हॉस्पिटलात डॉक्टर तपासतात आणि मग काउन्सेलर मॅडमकडे पाठवतात, त्यांच्याकडे प्लास्टिक कव्हरमधलं रेट कार्ड असतं, खालून वर चढत जाणारं. आम्हाला इंडियन, इम्पोर्टेड, प्रीमियम असं सगळं सांगितलं, पण आबा रात्री काय करतात हे एकदाही विचारलं नाही. खरा प्रश्न तोच होता.

आबांना मोनोफोकल टाकली. तिचा फोकस एकच, बहुतेक जण लांबचा ठेवतात, म्हणजे रस्ता, माणसं, टीव्ही स्वच्छ आणि वाचायला चष्मा लागणारच. ट्रायफोकलमध्ये लांबचं, हातभर अंतरावरचं आणि पुस्तकाच्या अंतरावरचं असं तिन्ही दिसतं, चष्मा जवळपास सुटतो. ऐकायला भारी वाटतं, पण ती लेन्स डोळ्यात येणारा उजेडच तीन ठिकाणी वाटून देते, म्हणून अंधुक उजेडात चित्र थोडं फिकं पडतं आणि रात्री दिव्याभोवती गोल कडी दिसतात. बऱ्याच जणांना काही महिन्यांत सवय होते, काहींना होतच नाही.

आता आमच्याकडे शेताची थ्री फेज लाईट कित्येकदा रात्रीच येते. आबा रात्री मोटरसायकल काढून मोटर चालू करायला जातात, समोरून केळीचा ट्रक हेडलाईट फुल करून येतो. त्या दिव्याभोवती कडी दिसली तर? डॉक्टरांना हे सांगितल्यावर ते लगेच म्हणाले, मग साधीच टाका. आबांचं तर आधीच ठरलेलं होतं, "माले चष्मानी काय लाज?" वजनकाट्याची पावती वाचायला खिशात चष्मा असतो, डोळ्यावर कमी आणि खिशात जास्त.

मामीचं उलटं. ती ब्लाऊज शिवते, दिवसभर सुई, मशीन आणि समोर बसलेलं गिऱ्हाईक, नजर सारखी जवळ-लांब जवळ-लांब, आणि रात्री गाडी चालवायचा प्रश्नच नाही. तिला ट्रायफोकल बसली. पहिले दोन महिने रस्त्यावरच्या दिव्यांना "चक्र फिरतंय" म्हणायची, आता विचारलं तर म्हणते असेल बाई, लक्ष नसतं. काळ्या कापडावर काळा दोरा असला की मात्र ती अजूनही मशीनचा दिवा लावते.

पण ट्रायफोकल घ्यायच्या आधी डोळ्याचा मागचा पडदा (रेटिना) तपासून घ्या. शुगरमुळे पडदा खराब झालेला असेल, काचबिंदू असेल, तर ती लेन्स शक्यतो नकोच, कारण आधीच नजर कमी आणि त्यात उजेडाची वाटणी. शुगर आपल्याकडे घरोघरी आहे म्हणून मुद्दाम सांगतोय. मध्ये एक ईडॉफ नावाचा प्रकार पण असतो, लांबचं आणि मोबाईल-कॉम्प्युटरपर्यंतचं चांगलं, बारीक अक्षराला चष्मा, कड्यांचा त्रास सहसा ट्रायफोकलपेक्षा कमी. दुकान सांभाळणाऱ्याला बरा.

टोरिकचा मात्र लोक फार घोळ करतात. टोरिक म्हणजे मोनोफोकलच्या वरची पायरी नाही, तो सिलिंडर नंबरचा (बुबुळाचा गोलावा सगळीकडे सारखा नसला की येतो तो) इलाज आहे, आणि मोनो असो की ट्रायफोकल, दोन्हीत मिळतो. बुबुळाचा सिलिंडर साधारण १ च्या वर असेल तर पैसे तिथे घाला, नाहीतर महागडी लेन्स बसवूनही लांबचं पुसटच दिसेल. चष्म्याच्या नंबरवरून ठरवू नका, मशीनवर बुबुळाचं माप घेतात ते बघा. ही लेन्स ठरलेल्या कोनातच बसावी लागते, १० अंश फिरली तरी तिसरा हिस्सा फायदा जातो.

फोल्डेबल की कडक, यावर जास्त डोकं लावू नका. कडक लेन्सला साधारण ६ मिमीचा छेद लागतो, घडीच्या लेन्सला अडीचच्या आसपास, म्हणून डोळा लवकर सावरतो. शिबिरात कडक बसवली म्हणून कुणी फसवलं असं नाही, लंडनमध्ये १९४९ साली रिडली नावाच्या डॉक्टरांनी पहिली लेन्स बसवली ती पण कडकच होती. घडीच्यात शक्यतो हायड्रोफोबिक (पाणी न धरणाऱ्या मटेरियलची) मागा, लेन्स ज्या पातळ पिशवीत बसवतात तिची मागची बाजू धूसर व्हायचं प्रमाण तिच्यात कमी. झालीच धूसर तर यॅग लेझरने पाच मिनिटांत साफ होते, लोक तिलाच "मोतीबिंदू परत आला" म्हणतात. फक्त ट्रायफोकलवर नाराज असाल तर लेझरची घाई नको, नंतर लेन्स बदलणं जास्त जोखमीचं होतं.

आणि "पिकू द्या", "थंडीतच करा" हे आता सोडा. जास्त पिकला की कडक होतो आणि काम उलट अवघड होतं. आबांचं आम्ही मे महिन्यात केलं, जळगावचं ऊन माहीत आहेच.

इन्शुरन्सवाल्यांना आधी विचारा, बऱ्याच पॉलिसीत मोतीबिंदूला दोन वर्षं थांबावं लागतं आणि महागड्या लेन्सचा वरचा पैसा आपल्याच खिशातून जातो.

आबांचा दुसरा डोळा आता दिवाळीनंतर आहे. डॉक्टर म्हणाले, हवं तर त्यात साधीच लेन्स पण जवळच्या फोकसची टाकू, एका डोळ्याने लांबचं, एकाने पावती. आबा दोन दिवस एक डोळा झाकून घरभर फिरले आणि म्हणाले नको, दोन्ही डोळे सारखेच ठेव. पहिल्या लेन्सचं स्टिकर, +२१.५ असा तिचा नंबर लिहिलेलं, डिस्चार्ज कार्डावर चिकटवलंय, दुसऱ्या वेळी दाखवायला लागेल म्हणून ते कार्ड त्यांनी सातबाऱ्याच्या फाईलीत ठेवलंय.