चालता चालता बंद पडणारी गाडी आणि छोटासा ओबीडी स्कॅनर

इंजिन चांगलं तापलं की गाडी चालता चालता गपकन बंद पडायची आणि अर्धा तास उभी ठेवली की काही झालंच नाही अशी चालू व्हायची. एका गॅरेजमध्ये फ्युएल पंप बदलला, दुसरीकडे प्लग बदलले, फरक शून्य. शेवटी वैतागून ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं छोटं यंत्र) घेतला, आता तीन महिने वापरतोय.

लावायला एकदम सोपा, स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं त्यात बसवायचा, इग्निशन ऑन करून मोबाईलवरच्या ॲपला जोडायचा. लगेच पी ०३३५ कोड आला, म्हणजे क्रँकशाफ्ट सेन्सरचं, इंजिन फिरतंय का आणि किती वेगाने हे सांगणाऱ्या सेन्सरचं सर्किट. पण कोड दिसला म्हणून सेन्सर आणायला धावू नका हं, वायर तुटली असेल किंवा कनेक्टर सैल असेल तरी हाच कोड येतो.

मला खरा उपयोग झाला तो लाईव्ह डेटाचा. पुढच्या वेळी बंद पडली तेव्हा गाडी कडेला घेतली आणि स्टार्टर मारताना मोबाईलकडे बघत बसलो, इंजिन फिरतंय हे कानाला स्पष्ट ऐकू येतंय आणि स्क्रीनवर आरपीएम शून्य! गार झाल्यावर परत स्टार्टर मारला तर आकडा २०० च्या आसपास हलायला लागला आणि गाडी सुरू. म्हणजे गरम झाल्यावर इंजिन फिरतंय हेच ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला कळत नव्हतं, मग स्पार्क आणि पेट्रोल कधी द्यायचं हे ते कशावरून ठरवणार? मी हे मेकॅनिकला दाखवलं, त्याने आधी वायरिंग आणि कनेक्टर नीट तपासला, मग गरम असतानाच सेन्सरला मल्टिमीटर लावला तर आतली कॉइल ओपन, म्हणजे तुटलेली दाखवत होती, गार झाल्यावर परत बरोबर रीडिंग. सेन्सर बदलला, त्यानंतर एकदाही बंद पडली नाही. इतके दिवस बायको-मुलांना घेऊन हायवेला जायची भीती वाटायची, ती गेली.

चार स्टार देतोय. एक कापला कारण आकडे हळू अपडेट होतात, क्षणभर सिग्नल गेला तर दिसतच नाही. आणि कोड क्लिअर करायच्या आधी फ्रीज फ्रेमचा स्क्रीनशॉट नक्की काढा, त्यात कोड आला तेव्हाचा आरपीएम आणि कूलंटचं तापमान असतं, क्लिअर केलं की ते पण पुसलं जातं. काम झालं की स्कॅनर काढून ठेवा, गाडी बंद असली तरी तो बॅटरी खात राहतो.