घरी स्वतः बी-१२चे इंजेक्शन घेणे : काही महिन्यांच्या वापरानंतर

काही महिने नियमित घेतल्यावर एवढे नक्की कळते की मांडीत सुई जाणे हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. त्रास होतो तो अँप्युल (औषधाची छोटी काचेची कुपी) नीट न फुटल्याने, सुई चुकीची निवडल्याने आणि घाई केल्याने.

मेडिकलमध्ये साधे मिथाइलकोबालमिन (बी-१२चाच एक प्रकार) मिळते, तशीच बी-१, बी-६ किंवा फॉलिक ॲसिड घातलेली मिश्रणेही मिळतात. कमतरता फक्त बी-१२ची असेल तर साधेच बरे. मिश्रणे जास्त झोंबतात. चिठ्ठीवर ५०० मायक्रोग्रॅम लिहिले आहेत की १५००, ते अँप्युलशी ताडून घ्या. मिथाइलकोबालमिन उजेडात खराब होते, म्हणून काच तपकिरी असते. खोक्यातच ठेवा आणि फोडल्यावर लगेच भरा. औषध लाल आणि स्वच्छ हवे. गढूळ दिसले तर वापरू नका.

२ मिलीच्या सिरिंजबरोबर येणारी २४ गेज (गेजचा आकडा मोठा तितकी सुई बारीक), १ इंची सुई मांडीला बहुतेकांना पुरते. २५ गेजची केशरी सुई कमी दुखते, पण औषध हळू जाते. इन्सुलिनची सिरिंज इथे चालत नाही, तिची आखूड सुई स्नायूपर्यंत पोहोचत नाही. सुया मात्र दोन घ्या, एक भरायला आणि एक टोचायला. काचेवर घासून बोथट झालेली सुई जास्त दुखते, आणि एवढ्या एका बदलाने जाणवण्याइतका फरक पडतो.

अँप्युलच्या मानेवर टिचकी मारून वरचे औषध खाली उतरवा. मानेवर ठिपका असेल तर तो आपल्याकडे करा, भोवती कापूस धरा आणि मान पलीकडे मोडा. ठिपका बाजूला राहिला की मान वेडीवाकडी फुटते, बोट कापते आणि काचेचे बारीक कण औषधात पडतात. सुई बदलली म्हणून सिरिंजमध्ये शिरलेले कण थांबत नाहीत. त्यामुळे फोडल्यावर थोडे थांबायचे, अँप्युल तिरकी धरायची आणि तळ खरवडायचा नाही. शेवटचा थेंब राहिला तर राहू द्या. चुरा दिसला तर ती अँप्युल सरळ टाकून द्या.

जागा मांडीची बाहेरची बाजू. गुडघा ते खुबा या अंतराचे तीन भाग केले तर मधला. खुर्चीत बसून पाय सैल सोडा, आवळलेल्या स्नायूत हमखास दुखते. कुल्ल्यावर स्वतःचे स्वतः घेऊ नका. जागा दिसत नाही आणि सायटिक नस जवळ असते. स्पिरिट लावल्यावर ३० सेकंद वाळू द्या, ओले असले तर चरचरते. सुई ९० अंशांत, न रेंगाळता आत. १ मिलीला साधारण १० सेकंद लागतील असा दट्ट्या दाबा, मग आणखी थोडे थांबून सुई काढा. कापूस दाबून धरा, चोळू नका. पुढच्या वेळी दुसरा पाय.

रक्ताचा थेंब किंवा दिवसभर हलका ठणका नेहमीचा. लाली पसरत गेली, जागा तापली किंवा ताप आला तर डॉक्टरांकडे जा. अंगावर गांधी, ओठांना सूज किंवा धाप लागली तर तडक रुग्णालयात. ॲलर्जीचा हा धोका क्वचितच असतो, तरी पहिले काही डोस दवाखान्यातच घ्यावेत आणि हात तिथल्या नर्ससमोर बसवावा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्नायूत सुई नको.

थकवा आधी कमी होतो. मुंग्या आणि बधिरपणा जायला महिने लागतात. कोर्स चालू असताना काढलेला रक्तातल्या बी-१२चा रिपोर्ट भरमसाठ येतो, त्यावरून नसा सुधारल्या असे समजू नका. कमतरता शाकाहारामुळे, मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीमुळे की आतड्यात शोषण न झाल्यामुळे, हे आधी शोधावे. केवळ आहारातली असेल तर पुष्कळांना गोळ्या पुरतात आणि हा सगळा खटाटोप टळतो. व्हिटॅमिन डीचे ६ लाख युनिटचे तेलकट इंजेक्शन मात्र या रीतीने घरी अजिबात नको. तो साठा शरीरातून लवकर जात नाही, आणि डोस उगाच पुन्हा झाला तर रक्तातले कॅल्शियम धोक्याइतके वाढू शकते.

वापरलेल्या सुईवर दोन्ही हातांनी टोपण चढवू नका; तेव्हा हाताला टोचण्याचा धोका मोठा असतो. फिनाइलची रिकामी, जाड बाटली ठेवा, सुई थेट तिच्यात टाका, पाऊण भरली की झाकण घट्ट लावून चिकटपट्टी मारा आणि दवाखान्यात द्या. घंटागाडीत सुटी सुई टाकली तर ती कचरा वेगळा करणाऱ्या माणसाच्या हातात जाते.