मोटरहोमचं न लागणारं दार: दुरुस्तीनंतर आठ महिने वापरून

आमच्या मोटरहोमचं, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाडीचं, चढायचं दार नीट लागेनासं झालं होतं. म्हणजे लागायचं, पण एकाच खटक्यावर. दार अडकवणाऱ्या कुलपाला, म्हणजे लॅचला, कारच्या दारासारखे दोन खटके असतात. पहिल्यावर दार नुसतं अडकतं, दुसऱ्यावर कडेच्या रबरावर दाबून बसतं. दुसऱ्यापर्यंत न्यायला खांदा लावावा लागे. वेग वाढला की वरच्या कोपऱ्यातून शिट्टी वाजायची, आणि कच्च्या रस्त्यावरून आलो की आतल्या पायरीवर धुळीची रेघ उमटलेली असायची. धाकटी दाराजवळच्या सीटवर बसते, त्यामुळे हे दुखणं अंगावर काढण्यासारखं नव्हतं. दुरुस्तीला आठ महिने झाले. काय टिकलं आणि काय नाही, ते आता खात्रीने सांगता येतं.

सुरुवात मी रबरापासून केली आणि तिथेच चुकले. जुनं रबर चपटं झालं होतं, म्हणून सगळा दोष त्याचा धरला आणि ‘डी’ आकाराचं नवं ईपीडीएम (ऊन-पाणी सोसणारं कृत्रिम रबर) आणून चिकटवलं. दार आणखी अडलं. कारण साधं होतं: दार मुळात तिरकं बसत होतं, आणि नव्या, फुगीर रबराने उरलीसुरली जागाही खाल्ली.

मग एकदा गाडी सपाट जागी, जॅक (मुक्कामी गाडीचे कोपरे उचलून तिला सपाट करणारे टेकू) न लावता उभी होती. नवऱ्याने सहज ओढलं आणि दार एका हाताने दुसऱ्या खटक्यावर गेलं. तिथे डोक्यात प्रकाश पडला. मोटरहोमचं दार म्हणजे लांबलचक भिंतीत कापलेलं एक भोक. लेव्हल करताना एकच कोपरा जॅकने जास्त उचलला की चॅसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, पीळ बसतो, आणि ते भोक आयताचं तिरकं होतं. टेपने चौकटीचे दोन्ही कर्ण मोजले. जॅकवर त्यांच्यात ५ मिलिमीटरचा फरक, चाकांवर १. त्या दिवसापासून एकाच कोपऱ्याचा जॅक दाबत बसणं बंद. आधी चाकांखाली फळ्या घालून गाडी शक्य तितकी सपाट करायची, मग जॅक फक्त आधारापुरते टेकवायचे. यात खर्च काहीच नाही, आणि अर्धी तक्रार इथेच संपली.

उरलेली अर्धी बिजागरीत होती. दार अर्धं उघडून हँडलला धरून वर उचलून पाहा. आमचं ठळक हललं. वरच्या बिजागरीचे दोन स्क्रू जागच्या जागी फिरत होते. काढले तर त्यांच्या आट्यांमध्ये ओला, काळपट भुसा अडकलेला. दाराच्या वरच्या कडेची फट बुजवणारं सील फाटून पाणी आत झिरपत होतं आणि मागची लाकडी पट्टी मऊ पडली होती. टोच्याने टोचून पाहिलं, नासकेपणा वरवरचाच होता. पट्टी पूर्ण वाळू दिली, भोकं इपॉक्सीने (वाळून कडक होणाऱ्या दोन भागांच्या गोंदाने) भरली, सुकल्यावर बारीक भोक पाडून थोडे लांब स्टेनलेस स्क्रू बसवले. वरच्या कडेला नवी ब्यूटाइल टेप, म्हणजे पाणी अडवणारी मऊ चिकट पट्टी, लावली. टोच्या आरपार जात असेल तर मात्र इपॉक्सीवर भागवू नका, ती पट्टी कापून नवीनच घालावी लागते. आठ महिन्यांत एकही स्क्रू सैल झालेला नाही. या कामाला मी पैकीच्या पैकी गुण देईन.

त्यानंतर स्ट्रायकर, म्हणजे चौकटीवरचा तो खुंटा ज्यात लॅच अडकतं. बरेच जण सगळ्यात आधी यालाच हात घालतात, पण बिजागरी ढिली असताना स्ट्रायकर सरकवणं म्हणजे रोग सोडून लक्षणावर औषध. खुंट्याला खडू फासून दार अलगद लावलं, तर डाग लॅचच्या तोंडाच्या मधोमध न पडता वरच्या कडेवर पडला. स्ट्रायकरभोवती पेन्सिलची रेघ मारून ठेवली, स्क्रू थोडे सैल केले, आणि तो २ मिलिमीटर खाली, दीड मिलिमीटर बाहेर घेतला. बाहेर घेतला कारण नवं रबर कडक असतं. सहा आठवड्यांनी रबर दबून बसलं आणि दार किंचित खडखडू लागलं, तेव्हा १ मिलिमीटर परत आत. ही दुसरी फेरी ठरलेलीच धरून चला. पहिल्याच दिवशी अगदी घट्ट बसवलं तर रोज आपटावं लागतं आणि लॅच झिजतं.

दाब सारखा आहे का, हे कागदाची पट्टी सांगते. पट्टी रबरावर धरून दार लावायचं आणि ओढायची. चारही बाजूंना ती सारख्याच जोराने अडत निघाली पाहिजे.

रबर लावताना ते ताणू नका. ताणून चिकटवलेलं रबर काही दिवसांत आकसतं आणि सांध्यापाशी फट पडते. मी सांधा खालच्या कडेला घेतला, आणि आधी जुना गोंद खरवडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा पुसली. महिन्यातून एकदा सिलिकॉन स्प्रे मारते. व्हॅसलिन किंवा इंजिन ऑइल अजिबात नको, पेट्रोलियमच्या तेलाने ईपीडीएम फुगतं.

एक गोष्ट अजूनही सुटलेली नाही, ती म्हणजे दुपारचं ऊन. ॲल्युमिनियम तापलं की वाढतं, १.८ मीटर उंचीचा पत्रा ४० अंशांच्या फरकाने दीड मिलिमीटरहून अधिक लांब होतो. बाहेरचा पत्रा तापलेला आणि आतला थंड, त्यामुळे दाराचं पोट बाहेर येतं, आणि लॅच नेमकं मध्यावर असतं. तेव्हा दार अजूनही थोडं जड जातं. उन्हात उभं राहायचं असेल तर दाराची बाजू सावलीकडे ठेवते. सगळ्या खिडक्या बंद असतील तर एखादी बोटभर उघडते, कारण आत कोंडलेली हवाही दार मागे ढकलते.

शिट्टी गेली, धूळ गेली. निघताना दुसरा खटका ऐकल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही, हे धाकटीनेच स्वतःकडे घेतलं आहे. पायरीकडच्या खालच्या कोपऱ्यात मात्र रबर पुन्हा चपटं झालंय, पाय नेहमी तिथेच घासतो. बोटाने दाबलं तर ते वर उठत नाही. उरलेला तुकडा जपून ठेवलाय, पावसाआधी तेवढाच कोपरा बदलणार आहे.