इसार देण्याआधी आडाचे पाणी तपासून घेतले: कोल्हापुरातील एका प्रयोगशाळेचा अनुभव

पंचगंगेपलीकडे वडणग्याच्या बाजूला एक जुने कौलारू घर आम्हाला पसंत पडले आणि परसातला दगडी बांधणीचा आड हे त्या पसंतीचे मोठे कारण होते. तीन पिढ्या याच पाण्यावर वाढल्या, असे मालक सांगत होते आणि त्यात खोटे काही नव्हते. तरीही भोवतालचे उसाचे मळे, 2019 आणि 2021 च्या महापुरांची आठवण आणि आडापासून जेमतेम सात मीटरवर असलेला संडासाचा शोषखड्डा पाहिल्यावर, पाण्याचा अहवाल हाती आल्याशिवाय इसार द्यायचा नाही, असे मी ठरवले. उद्यमनगर परिसरातील एका खासगी प्रयोगशाळेकडून ही तपासणी करून घेतली. रासायनिक आणि जिवाणूंची अशा दोन्ही तपासण्यांचे मिळून 2,400 रुपये घेतले.

घरून धुऊन, भरून नेलेली माझी बाटली त्यांनी घेतली नाही, आणि तिथेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. दुसऱ्या दिवशी त्यांचा माणूस स्वतः आला. त्याने दहा मिनिटे मोटर चालू ठेवली, तोटी स्पिरिटने पुसून ज्योतीने शेकली आणि कागदात गुंडाळलेली निर्जंतुक बाटली, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू न देता, वर थोडी जागा ठेवून भरली. ती लगेच बर्फाच्या पेटीत गेली; रासायनिक तपासणीसाठी वेगळा कॅन भरला. निघण्यापूर्वी तो कठड्यावरून आत वाकला आणि धुण्याच्या दगडाखालून आडात उतरलेला ओला, शेवाळलेला ओघळ त्याने मला दाखवला. घर पाहायला मी चार वेळा गेलो होतो, पण तो ओघळ माझ्या नजरेला पडला नव्हता.

अहवालात पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानक 10500 नुसारच्या मर्यादा प्रत्येक आकड्यासमोर दिल्या होत्या. विरघळलेले क्षार लिटरला 640 मिलिग्रॅम आणि कठीणपणा 380 होता. हे आकडे इष्ट मर्यादेपेक्षा, म्हणजे अनुक्रमे 500 आणि 200 पेक्षा, जास्त असले तरी दुसरा स्रोत नसताना चालणाऱ्या 2,000 आणि 600 च्या आत होते. त्यामुळे भांड्यांवर पांढरे डाग पडतील, याहून अधिक काळजी नव्हती. खरी काळजी दोन ओळींत होती. नायट्रेट 58 होते, आणि त्याची मर्यादा 45 असून तिला कोणतीही सवलत नाही. शिवाय 100 मिलिलिटर पाण्यात आतड्यांत राहणारा ई. कोलाय हा जिवाणू एकही आढळता कामा नये, तो इथे आढळला होता. नायट्रेट उसाच्या खतातून येते तसेच शोषखड्ड्यातूनही येते, आणि या पाण्यात ई. कोलाय सापडल्यामुळे मैला झिरपत असल्याचा संशय बळावला.

माझी तक्रार इथे आहे, आणि ती लहान नाही. जिवाणूंचा निकाल साधारण दोन दिवसांत हाती येतो. तरी तो रासायनिक अहवालाबरोबरच द्यायचा म्हणून नऊ दिवस ठेवून घेतला गेला. त्या घरात भाडेकरू राहत होते आणि त्यांची लेक बाळंतपणासाठी माहेरी आली होती. अडीच महिन्यांच्या बाळाला वरचे दूध चालू होते. दुधाची पावडर याच आडाच्या, चांगल्या उकळलेल्या पाण्यात कालवली जात होती. उकळल्याने जिवाणू मरतात, पण नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढते. आणि सहा महिन्यांखालच्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती त्याने कमी होऊ शकते. अहवाल हाती पडताच मी थेट त्या माउलीकडे गेलो. त्या दिवसापासून बाळासाठी ग्रामपंचायतीच्या नळाचे पाणी भरले जाऊ लागले, आणि बाळ सुखरूप आहे. अहवाल पूर्णपणे इंग्रजीत होता. निदान धोक्याच्या दोन ओळी तरी मराठीत हव्या होत्या.

पुढची वागणूक मात्र चांगली होती. कठड्याची दुरुस्ती, आडाचा उपसा आणि टीसीएल, म्हणजे जंतू मारणारी क्लोरीनची पावडर, टाकणे झाल्यावर मी घाईने दुसरा नमुना घ्यायला सांगत होतो. क्लोरीन पाण्यात असताना घेतलेला निकाल फसवा असतो, असे समजावून त्यांनी मला आठवडाभर थांबवले. या वेळी ई. कोलाय आढळला नाही. नायट्रेट 56 वर राहिले, कारण ते टीसीएलने जाणारे नव्हतेच. ते काढायला आरओ, म्हणजे दाबाने बारीक पडद्यातून पाणी गाळणारे यंत्र, लागते, आणि अतिनील किरणांनी फक्त जंतू मारणारा साधा यूव्ही फिल्टर त्याला पुरत नाही, हेही विकण्यासारखे काही हाती नसताना त्यांनी सांगितले.

प्रयोगशाळा निवडताना अहवालावर एनएबीएलचे, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचे, चिन्ह आहे एवढे पाहून थांबू नये. ती मान्यता आपल्याला हव्या असलेल्या घटकांच्या तपासणीला आहे का, हे विचारावे. यांनी ती यादी न मागता पुढे केली.

शोषखड्डा हलवण्याचा खर्च किमतीतून वजा करून साठेखत झाले. पहिल्या मोठ्या पावसानंतर तिसरा नमुना याच प्रयोगशाळेत देणार आहे. जिवाणूंचा निकाल तयार होईल त्याच दिवशी फोनवर कळवावा, ही अट या वेळी अर्जावरच लिहून देईन.